आरागिरणीचा पट्टा सारखा का तुटतो, गोल पाते लाकूड का जाळते? लक्षणावरून दोष ओळखा, नवे पाते घेण्याआधी हे तपासा

वडगाव मावळ : मावळात लाकूड कापायचे काम बारा महिने चालू असते. बांधावरचा आंबा, जांभूळ नाहीतर बाभूळ पडली की ओंडके सॉ मिलला जातात. लोणावळा-खंडाळ्यातल्या बंगल्यांची दारे-खिडक्या सुताराच्या शेडमध्ये तयार होतात. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांना माल पाठवायला लाकडी पॅलेट आणि खोकी लागतात. नवलाख उंबरे, उर्से, टाकवे भागातल्या कारखान्यांत गावची अनेक पोरे लोखंड कापणाऱ्या मशीनवर कामाला आहेत. मशीन वेगवेगळ्या असल्या तरी तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात. पट्टा तुटला, फळी वाकडी निघाली, पाते जळाले, धार दोन दिवसही टिकली नाही.

अशा वेळी नवे पाते आणून चढवले जाते. चार दिवसांत तेही तसेच होते, कारण दोष पात्यात नसून मशीनमध्ये, लाकडात, विजेच्या दाबात किंवा धार लावण्याच्या पद्धतीत असतो. पाते फक्त तो दोष दाखवून देते. कोणते लक्षण काय सांगते आणि त्यावर घरच्या घरी काय करता येते, याची ही माहिती. सॉ मिल मालक, कामगार, सुतार आणि लाकूड कापून घेणारे शेतकरी अशा सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

हात लावण्याआधी

आरागिरणीच्या पट्ट्याचा वेग डोळ्याला कळत नाही. 36 इंची चाक मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर पट्टा ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला सपाट भागात 100 चीच मर्यादा आहे. म्हणून तपासणी करण्याआधी पुढच्या गोष्टी पाळाव्यात.

- मेन स्विच बंद करून फ्यूज काढा किंवा कुलूप लावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. दुसरा कोणी येऊन ते चालू करू शकतो.
- चाक पूर्ण थांबू द्या. लाकूड दाबून किंवा हाताने पाते थांबवू नका.
- मशीन चालू असताना हातमोजे, सैल बाह्या, उपरणे, गळ्यात लोंबणारा रुमाल नको. थांबलेला पट्टा काढता-चढवताना मात्र चामडी हातमोजे घालाच. गुंडाळलेला पट्टा सुटला की सापासारखा उसळतो.
- डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला मास्क लावा.

भुसा, फळी आणि आवाज

पाते उतरवण्याआधी दोन मिनिटे या तीन गोष्टी बघितल्या तर निम्मे निदान तिथेच होते.

भुसा : धार चांगली असली की भुसा रवाळ पडतो, बोटात धरला तर कण जाणवतात. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला तर धार गेली आहे किंवा लाकूड फार हळू ढकलले जात आहे. भुसा कोमट किंवा करपलेल्या वासाचा असेल तर पाते कापण्याऐवजी घासते आहे. फळीवर भुशाचा घट्ट थर चिकटून येत असेल तर दातांची सेटिंग कमी पडते आहे, किंवा खाचेत मावत नाही इतका भुसा तयार होतो आहे.

फळी : कापलेल्या अंगावर सारख्या अंतराने एकच खोल ओरखडा उमटत असेल तर एखादा दात बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर आहे. सगळ्या अंगावर लव उठली असेल तर धार बोथट आहे किंवा लाकूड फार ओले आहे. कड काळी पडली असेल तर घर्षण जास्त आहे.

आवाज : पट्टा एकसारखा घुमत असेल तर चिंता नाही. प्रत्येक फेऱ्याला ‘टक... टक...’ असा ठरावीक ठोका येऊ लागला तर मशीन लगेच बंद करा. जोड उचलला असेल, दात वाकला असेल किंवा तडा गेला असेल. ‘एवढा ओंडका संपवू आणि मग बघू’ असे म्हणून चालवत राहिले तर नेमका तेव्हाच पट्टा तुटतो.

बँडसॉच्या पट्ट्याच्या तक्रारी

1. फळी लाटेसारखी वर-खाली निघते

फळी एका ठिकाणी जाड आणि दुसरीकडे पातळ निघते. धार बोथट असणे, पट्ट्याचा ताण कमी असणे, ट्रॉली फार जोरात ढकलणे आणि गाइड ओंडक्यापासून लांब असणे, ही यामागची नेहमीची कारणे आहेत. आधी वरचा गाइड खाली आणा, म्हणजे पट्ट्याचा मोकळा भाग कमी होईल. मग ताण बघा आणि त्यानंतर धार. तरीही फक्त गाठीजवळच लाट येत असेल तर गाठ आल्यावर ट्रॉली हळू करा. गाठीचे लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा कडक असते, त्यामुळे पट्टा तिला वळसा घालून जायला बघतो.

रुंद ओंडक्याला बारीक दातांचा पट्टा लावला तरी असेच होते. दोन दातांमधली खाच भुशाने भरते, भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पट्टा ढकलला जातो. मोठ्या ओंडक्याला दात लांब-लांब असलेला, खोल खाचेचा पट्टा लागतो.

2. पट्टा सतत एकाच बाजूला ओढतो

हा प्रकार लाटेपेक्षा वेगळा आहे. कारण बहुधा दातांच्या सेटिंगमध्ये असते. दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून कापाची फट पट्ट्यापेक्षा रुंद पडते आणि पट्टा मोकळा चालतो. एका बाजूचे दात जास्त फाकलेले किंवा जास्त धारदार असले तर पट्टा त्याच बाजूला पळतो. खिळा लागून एकाच बाजूची धार गेली तरीही हेच दिसते.

सेटिंग नजरेने करू नका, डायल गेज लावून दोन्ही बाजू मोजा. सेटिंग किती ठेवायची हे पट्ट्याच्या जाडीवर आणि लाकडावर ठरते. ओल्या आणि मऊ लाकडाला थोडी जास्त, सुक्या आणि कडक लाकडाला थोडी कमी. दात बुडापासून वाकवायचा नसतो, फक्त वरचा साधारण एक तृतीयांश भाग वाकवायचा. बुडात वाकवला तर तिथेच तडा सुरू होतो.

3. पट्टा चाकावर पुढे-मागे पळतो

वरचे आणि खालचे चाक एका रेषेत नसणे, चाकाचा मधला उंचवटा झिजून सपाट होणे, बेअरिंग ढिले होणे किंवा चाकावर भुसा आणि चीक यांचा थर बसणे, यापैकी काहीतरी असते. सगळ्यात आधी चाक साफ करा. आंबा किंवा फणस कापल्यावर चिकात मिसळलेला भुसा चाकावर टणक पापडीसारखा बसतो, आणि तेवढ्या उंचवट्यानेही पट्टा हलतो. नंतर चाक हाताने फिरवून पट्टा कुठे स्थिर होतो ते बघा आणि वरच्या चाकाचा कल थोडा-थोडा बदला. रुंद पट्ट्याचे दात आणि खाच चाकाच्या कडेच्या थोडे बाहेर राहिले पाहिजेत, नाहीतर फाकलेले दात चाकावर आपटतात आणि सेटिंग बिघडते.

4. खाचेत बारीक तडे पडतात आणि पट्टा तुटतो

सर्वात महागात पडणारी आणि सर्वात धोक्याची तक्रार हीच. चाकावरून जाताना पट्टा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतो आणि सरळ होतो. दिवसभरात हे हजारो वेळा घडते. तार वाकवून-वाकवून तोडावी तसाच हा प्रकार आहे. जिथे कोपरा टोकदार असतो तिथे तडा आधी पडतो. कारणे पुढीलप्रमाणे :

- धार लावताना खाचेचा तळ गोल न ठेवता कोनात कापला गेला.
- बोथट पट्टा तास-तास ओढला. धार गेल्यावर ढकलण्याचा जोर वाढतो आणि तो ताण खाचेवर येतो.
- ताण गरजेपेक्षा जास्त दिला.
- चाकाच्या मानाने पट्टा जाड आहे.
- गाइड पाठीला किंवा अंगाला घासून पट्टा तापतो.
- काम संपल्यावर ताण तसाच ठेवला. तापलेला पट्टा थंड होताना आकसतो आणि ताण आणखी वाढतो.

जाडीचा हिशेब सोपा आहे. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असावी. 36 इंची चाक म्हणजे सुमारे 914 मिलिमीटर, त्याला साधारण 0.9 मिलिमीटर, म्हणजे 20 गेजचा पट्टा. 42 इंची चाकाला साधारण 1.07 मिलिमीटर, म्हणजे 19 गेज. ‘जाड पट्टा म्हणजे मजबूत पट्टा’ हा समज चुकीचा आहे. लहान चाकावर जाड पट्टा लवकर तुटतो.

तडा शोधायची गावठी पण खात्रीची रीत आहे. पट्टा उतरवून स्वच्छ पुसा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून काही मिनिटे थांबा. मग कोरड्या कापडाने पुसून वर पांढरा खडू घासा. तडा असेल तर त्यात मुरलेले तेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. दर धारेच्या वेळी एवढे केले तर पट्टा चालत्या मशीनवर तुटण्याआधीच कळते.

एकाच जागी तडा असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा जोड मारता येतो. अनेक खाचांत तडे असतील तर पट्टा थकला आहे. त्याला जोडत बसू नये.

5. पट्टा जोडावरच तुटतो

पट्टा दरवेळी जोडावरच तुटत असेल तर दोष जोडकामात आहे. वेल्डिंग झाल्यावर जोडाजवळचा भाग काचेसारखा कडक होतो. तो पुन्हा हलका तापवून सावकाश थंड करावा लागतो. हे केले नाही तर वाकताच तुटतो, आणि जास्त तापवला तर मऊ पडून ताणला जातो. जोड मारताना दोन्ही टोके काटकोनात कापलेली आणि पाठ एका रेषेत असावी. सरळपट्टी लावून पाठ बघा. जोडावर जाडी राहिली असेल तर ती घासून बाकीच्या पट्ट्याइतकी करा, नाहीतर गाइडमधून जाताना प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो.

गोल पात्याच्या तक्रारी

6. लाकूड जळते, कड काळी पडते

सुताराच्या टेबल मशीनवर ही रोजची तक्रार. सगळ्यांचे बोट धारेकडे जाते, पण आधी पाते साफ करा. दातांवर डिंक-चीक बसला की चांगली धारही बोथट वाटते. पाते उतरवून रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशने घासा, कोरडे करून मगच चढवा. रॉकेल लावले असेल तर पूर्ण पुसून घ्या.

त्यानंतरही जळत असेल तर फेन्स तपासा, म्हणजे ज्या पट्टीला टेकवून लाकूड ढकलतो ती. एका दातावर खूण करा. तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचे अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. मागचे अंतर कमी भरले तर लाकूड पाते आणि फेन्समध्ये आवळले जात आहे. जळण्याचे कारण तेच, आणि लाकूड मागे उडण्याचेही तेच.

तिसरे कारण दातांची संख्या. 10 इंची पात्याला लांबीत चिरण्यासाठी साधारण 24 दात, आडवे कापण्यासाठी 60, आणि प्लाय किंवा सनमायका लावलेल्या बोर्डासाठी 80 किंवा जास्त दात असतात. 80 दातांच्या पात्याने जाड सागाची फळी लांबीत चिरली तर पाते जळणारच.

7. पाते डगमगते, काप रुंद पडतो

आधी फ्लँज उघडून पुसा. फ्लँज आणि पात्यामध्ये अडकलेला भुशाचा एक कण कडेला मोठा डगमग दाखवतो. तरीही हलत असेल तर दोष पात्यात आहे की शाफ्टमध्ये ते असे ओळखा. टेबलावर पेन्सिल पक्की धरून तिचे टोक पात्याच्या अंगाजवळ आणा, हाताने पाते फिरवा आणि जिथे जवळ येते तिथे खडूची खूण करा. मग नट सैल करून फक्त पाते शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा. खूण पात्याबरोबर सरकली तर पाते वाकले आहे. डगमग शाफ्टच्या त्याच बाजूला राहिली तर शाफ्ट, फ्लँज किंवा बेअरिंग बघा. या एका तपासणीने विनाकारण पाते बदलायचा खर्च वाचतो.

एकदा खूप तापून निळे डाग पडलेले पाते थंड झाल्यावर सरळ दिसते, पण वेगात आल्यावर थरथरते. तापल्याने त्याचा आतला ताण बिघडलेला असतो. जाणकार कारागीर हातोडी मारून तो ताण परत बसवतो. अंदाजाने ठोकून ते जमत नाही.

8. लाकूड उलटून अंगावर येते

कापलेली फट मागे मिटली आणि पात्याला आवळून बसली की वर येणारे मागचे दात लाकूड उचलून ढकलणाऱ्याकडे फेकतात. पात्यामागे त्याच रेषेत बसवलेली पोलादी पाचर, म्हणजे रायव्हिंग नाइफ, यासाठीच असते. ‘मध्ये येते’ म्हणून ती काढून ठेवलेली अनेक ठिकाणी दिसते. ती काढू नका. उभे राहताना पात्याच्या सरळ रेषेत न राहता बाजूला राहा आणि शेवटचे वीतभर लाकूड हाताने न ढकलता काठीने ढकला.

9. कार्बाइडचे टोक उडते

टीसीटी पात्याच्या दातांवर टंगस्टन कार्बाइडची टोके चांदीमिश्रित झाळाने बसवलेली असतात. ती फार कडक असतात, पण ठिसूळही असतात. खिळा लागला, पाते सिमेंटच्या कोब्यावर आपटले किंवा धार फार दिवस न लावता जोराने ढकलले तर टोक उडते. एखादे टोक गेले तर पुढच्या दातावर दुप्पट भार येतो आणि मग ओळीने टोके जातात. त्याच दिवशी पाते उतरवून टोक बसवून घ्या. कार्बाइडला साधी एमरी चालत नाही, डायमंड व्हील लागते.

10. वेगाचा घोळ

प्रत्येक पात्यावर जास्तीत जास्त किती आरपीएम चालेल ते छापलेले असते. मोटर 2,900 आरपीएमची असेल तर 12 इंची पात्याची कड ताशी सुमारे 165 किलोमीटर वेगाने फिरते. त्याच शाफ्टवर 18 इंची पाते लावले की तोच वेग ताशी 250 वर जातो. पाते मोठे करताना पुली बदलून फेरे कमी करावे लागतात.

दुसरी घातक सवय म्हणजे हातातल्या ग्राइंडरवर लाकूड कापायचे दातांचे पाते लावणे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, त्याचे गार्ड या कामासाठी नसते आणि दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळते. शेतावर, घराच्या कामावर हा प्रकार सर्रास दिसतो. तो बंद व्हायला हवा.

दोष लाकडात असला तर

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी किनाऱ्यावर आले आणि त्याचा तडाखा घाटमाथ्यावर मावळ-लोणावळ्यालाही बसला. झाडे उन्मळून पडली. असे पडलेले किंवा बांधावरचे लाकूड मिलवर येते तेव्हा पात्याला चार धोके असतात.

खिळे आणि तार : बांधावरच्या झाडाला काटेरी तार बांधलेली असते, रस्त्यालगतच्या झाडावर फलक ठोकलेले असतात. झाड वाढते आणि लोखंड पोटात घेते. बाहेरून काही दिसत नाही. पण ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर सावध व्हा. लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की असा रंग येतो. बाभूळ, ऐन, जांभूळ यांत तो ठळक दिसतो. हातात धरायचा साधा मेटल डिटेक्टर मिलवर ठेवला तर एका पट्ट्याच्या बचतीत तो परवडतो. शेतकऱ्यानेही झाडाला तार बांधली होती का, ते मिलवाल्याला आधीच सांगावे.

माती आणि वाळू : पावसात ओढत आणलेल्या ओंडक्याची साल चिखलाने भरलेली असते. त्यातली वाळू धार खाते. साल काढा किंवा निदान काप पडणार त्या रेषेवरची माती खरवडून पाण्याने धुवा.

साग : सागाच्या लाकडात नैसर्गिकरीत्या सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक असतो. म्हणून साग हाताला बाभळीपेक्षा मऊ लागला तरी धार लवकर घालवतो. सागाच्या कामात धारेच्या वेळा जवळ ठेवा.

ताण धरलेले लाकूड : उतारावर वाकून वाढलेल्या झाडाच्या लाकडात ताण भरलेला असतो. चिरताना फट मिटते आणि पाते धरले जाते. फट पडत जाईल तशी लाकडी पाचर मारत जा. लोखंडी पाचर वापरू नका.

बांधावरचे झाड तोडण्याआधी आणि लाकूड गाडीत भरण्याआधी वन विभागाची परवानगी व वाहतूक पास लागतो का, हे चौकशी करून घ्यावे. महाराष्ट्रात यासाठी 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे.

दोष विजेत असला तर

संध्याकाळी पाते अडते आणि सकाळी तेच पाते नीट चालते, असे होत असेल तर धार बघू नका, व्होल्टमीटर बघा. थ्री फेज मोटरला 415 व्होल्ट अपेक्षित असतात. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब 370 पर्यंत आला तर जोर सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. पाते लाकडात अडते, घासते आणि तापते. अशा वेळी ढकलणे हळू करा किंवा काम थांबवा.

वादळ-पावसानंतर एक फेज गेली तर मोटर नुसती गुणगुणते, सुरू होत नाही किंवा चालू असेल तर तापते. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला नसेल तर मोटर जळते. दाब ठीक असूनही पाते अडत असेल तर व्ही-बेल्ट बघा. ढिला किंवा भुशाने गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो आणि पात्याचा वेग भार पडताच उतरतो.

धार लावताना होणाऱ्या चुका

- एकदम खोल घासणे : दाताचे टोक निळे पडले म्हणजे पोलाद जळले. ते टोक टिकत नाही. एका दणक्यात खोल घासण्याऐवजी तीन-चार हलके हात फिरवा.
- फक्त टोक घासणे : दाताचे टोक आणि खाच दोन्ही एकत्र घासली गेली पाहिजेत. नाहीतर खाच उथळ होत जाते आणि भुशाला जागा उरत नाही.
- दातांची उंची कमी-जास्त ठेवणे : उंच दातच काम करतात, बाकीचे नुसते फिरतात.
- दाताचा कल बदलणे : मऊ लाकडाला पुढे झुकलेला दात चालतो, बाभूळ-शिसवीसारख्या कडक लाकडाला कल कमी लागतो. मूळ कल लिहून ठेवा आणि तोच राखा.
- फुटका दगड वापरणे : एमरी व्हील चढवण्याआधी मोकळे धरून लाकडी मुठीने हलके वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजला तर वापरू नका.

धार पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. थोडी उतरताच लावलेल्या धारेत पोलाद कमी घासले जाते, म्हणून पट्टा जास्त दिवस चालतो.

कारखान्यात लोखंड कापणारा बँडसॉ

एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांसाठी काही वेगळे मुद्दे. इथे बायमेटल पट्टा असतो. पाठ लवचिक स्प्रिंग पोलादाची आणि दात हायस्पीड स्टीलचे.

- नवा पट्टा चढवल्यावर पहिले काही काप नेहमीच्या वेगाने पण निम्म्या फीडने घ्या. एकदम पूर्ण फीड दिला तर दातांची नाजूक टोके तुटतात आणि पट्ट्याचे आयुष्य पहिल्याच दिवशी घटते.
- अर्धवट राहिलेल्या जुन्या कापात नवा पट्टा घालू नका. जुन्या पट्ट्याची फट अरुंद असते. जॉब फिरवून नवीन जागी काप सुरू करा.
- कापात एका वेळी किमान तीन दात असलेच पाहिजेत. पातळ पाइपाला बारीक दात, भरीव शाफ्टला मोठे दात.
- कीस बघा. मोकळा वळलेला, चंदेरी कीस म्हणजे फीड बरोबर. भुकटी पडत असेल तर फीड कमी. जाड, निळा-तपकिरी कीस म्हणजे फीड किंवा वेग जास्त.
- दातांतला कीस काढणारा तारेचा ब्रश झिजला असेल तर तो बदला. ब्रश नसला की कीस परत कापात जातो आणि दात तुटतात.
- कूलंट बनवताना आधी पाणी आणि मग त्यात तेल. उलटे केले तर ते नीट मिसळत नाही.

पावसाळ्यात पाते कसे ठेवावे

लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते. एका रात्रीत पात्यावर तांबूस थर चढतो. गंज म्हणजे नुसता डाग नव्हे. गंजाने पडलेला बारीक खड्डा हीच पुढच्या तड्याची सुरुवात असते.

दिवस संपला की पट्ट्याचा ताण सैल करा. पट्टा पुसून तेलाचा पातळ हात द्या. चीक आणि ओला भुसा तसाच ठेवून जाऊ नका, तो रात्रभर ओल धरतो. जादा पट्टे जमिनीवर किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी खुंटीवर टांगा. गोल पाती एकावर एक ठेवायची असतील तर मध्ये पुठ्ठा घाला.

पाते भंगारात कधी काढायचे

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पाते पुन्हा चढवू नका : एकापेक्षा जास्त खाचांत तडे, गोल पात्याच्या मधल्या भोकापासून निघालेला तडा, अंगावर मोठे निळे डाग आणि थरथर, वारंवार धार लावून खाच उथळ झालेला पट्टा, किंवा जोडाशेजारीच पुन्हा तुटलेला पट्टा. तडा गेलेले गोल पाते वेल्डिंग करून वापरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. असे पाते भंगारात देण्याआधी त्यावर ग्राइंडरने मोठी फुली मारा, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या मशीनवर चढणार नाही.

अपघात झाला तर

मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चहा पावडर, माती जखमेत भरू नका. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुटलेले बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका, त्याने ते खराब होते. ते रुग्णाबरोबरच दवाखान्यात न्या. नीट आणि लवकर पोहोचले तर बोट पुन्हा जोडण्याची शक्यता राहते.

एक वही ठेवा

मशीनजवळ साधी वही टांगा. प्रत्येक पट्ट्याला नंबर द्या. कोणत्या तारखेला चढवला, कोणते लाकूड कापले, किती तास चालला, धार कधी लावली, कुठे तुटला, एवढेच लिहायचे. दोन महिन्यांत चित्र दिसू लागते. सगळे पट्टे जोडावर तुटत असतील तर जोडणारा बदला. सगळ्यांना खाचेत तडे पडत असतील तर धारेची पद्धत आणि ताण बघा. धार फक्त संध्याकाळी त्रास देत असेल तर विजेचा दाब मोजून महावितरणकडे लेखी तक्रार करा. आणि एका गावच्या लाकडावरच दात जात असतील तर पुढच्या खेपेला ओंडका उतरवतानाच डिटेक्टर फिरवा.